निळा म्हणजे मी विचारतोय

माझ्या घरात साधा बल्ब बदलायचा असला तरी मी आधी मेन स्विच बंद करते, त्यावर पुठ्ठ्याची एक पाटी अडकवते आणि मगच स्टुलावर चढते. पाटीवर लिहिलंय, 'माणूस काम करतो आहे. हात लावू नये.' खाली माझं नाव. नवरा म्हणतो, निदान 'बाई काम करते आहे' असं तरी लिही. पण पाटीचा मजकूर माझा नाही, मी तो फक्त वापरते. ज्यांचा तो आहे त्यांच्याकडे मुलुंडला मी साडेतीन वर्षं पेइंग गेस्ट म्हणून राहिले. त्या काळात दोन गोष्टी पक्क्या शिकले. वीज बंद कशी करायची, आणि ऐकू आलेलं ऐकू आलं नाही असं कसं वागायचं.

पहिल्या दिवशी खोलीत बॅग टेकवली आणि मोबाइलचा चार्जर भिंतीला लावायला गेले, तर मागून आवाज आला, "परवाना?" वळून पाहिलं तर दारात काका. उंच, काटकुळे, चौकड्यांचा शर्ट, आणि माणसं खिशाला जिथे पेन लावतात तिथे टेस्टर. मला वाटलं, भाडेकरूचा पोलिसात द्यायचा कागद मागताहेत. तसं नव्हतं. त्यांनी हाताने आखलेला एक कागद पुढे केला. काम कोणते, कोण करणार, किती वेळ, काम संपल्याची सही. चार्जर लावण्यासाठी मी आयुष्यातला पहिला परवाना भरला. कागद घेऊन ते गेले नाहीत. जरा घुटमळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अजून एक. बाथरूममधून काही ऐकू आलं, तर ते ऐकू आलेलं नाही. काय?"

मी हो म्हटलं. नव्या जागेत पहिल्या दिवशी माणूस कशालाही हो म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उलगडा झाला. साडेसहाला काकू आंघोळीला गेल्या, आतून कडी सरकल्याचा आवाज आला, आणि पाचेक मिनिटांनी त्या गायला लागल्या. भजनाने सुरुवात झाली, मध्येच ते लग्नातल्या हळदीच्या गाण्यात शिरलं आणि शेवट पाळण्यावर झाला. सूर, ताल आणि शब्द एकमेकांना न विचारता आपापल्या वाटेने चालले होते. आवाज मात्र खणखणीत. मी पांघरुणात तोंड खुपसून हसत होते आणि स्वयंपाकघरात काका शांतपणे चहाला आधण ठेवत होते.

काकूंना ऐकू येत नसे. मिलच्या वाइंडिंग खात्यात, जिथे सुताचे कोन भरतात, त्यांनी वीस वर्षं काढली होती. त्या खात्यातल्या गोंगाटाने कान गेले. कानाला मशीन होतं, पण आंघोळीला जाताना ते काढून फ्रिजवरच्या वाटीत ठेवावं लागे. आणि त्यांची एक ठाम समजूत होती की दाराला कडी लागली की आतला आवाज आतच राहतो. सगळा मजला ऐकत होता, वरचे ऐकत होते, खाली वॉचमन ऐकत होता, आणि इतक्या वर्षांत एकानेही त्यांना हे सांगितलं नव्हतं. कारण प्रत्येक नव्या बिऱ्हाडाला काकांनी स्वतः जाऊन बजावलं होतं, ऐकू आलेलं नाही.

त्या कडीचं काकूंना केवढं कौतुक होतं. मिलजवळच्या चाळीत खोलीतच मोरी, मोरीपुढे जुन्या लुगड्याचा पडदा आणि पडद्याबाहेर दीर, सासरे, गाववाले मिळून नऊ माणसं. अठरा वर्षं त्यांनी अशी आंघोळ केली, पाण्याचा आवाजसुद्धा होऊ न देता. मग मिल बंद पडली आणि सगळी पुंजी घालून मुलुंडची ही जागा घेतली. एकदा भाजी निवडताना मी त्यांना विचारलं, "काकू, हे घर घेतलंत तेव्हा तुम्हाला सगळ्यात काय आवडलं?" त्यांनी ओठांवरून प्रश्न वाचला आणि क्षणात म्हणाल्या, "कडी. बाथरूमची कडी."

काका त्याच मिलमध्ये वायरमन होते. मिल बंद होऊन वर्षं लोटली, पण काकांची पाळी संपलेली नव्हती. घरातल्या प्रत्येक बटणाला नंबर होता. "करंटला ओळख नसते," असं ते दिवसातून दोनदा तरी म्हणत, आणि कुठल्याही कामाला हात घालण्याआधी स्वतःशीच पुटपुटत, "आधी बंद, मग खात्री, मग हात." खात्री म्हणजे टेस्टरने तीन वेळा. मी एकदा विचारलं, तीनदाच का? म्हणाले, "पहिल्यांदा वायरची, दुसऱ्यांदा टेस्टरची, तिसऱ्यांदा माझी."

पाटीचा नियम सगळ्यात कडक. जिच्यावर ज्याचं नाव, ती त्यानेच स्वतःच्या हाताने काढायची, दुसऱ्या कुणी नाही. एकदा मिक्सर बिघडला म्हणून त्यावर पाटी लावली आणि तेवढ्यात गावाहून निरोप आला, तसेच ते चार दिवस सावंतवाडीकडे गेले. मिक्सरला काहीच झालेलं नव्हतं, एक स्क्रू सैल होता, तो त्यांनी जाण्याआधी आवळलाही होता. काढायची राहिली ती पाटी. काकूंनी चार दिवस पाट्यावर वाटण वाटलं. मी म्हटलं, फोनवर विचारून काढून टाकूया. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडला. त्यांच्या मुलाने नऊ वर्षांचा असताना कार्टून बघायचं म्हणून एकदा पाटी काढून मेन स्विच वर केला होता. काका तेव्हा पंख्यापाशी होते. त्यांनी खाली उतरून त्याच्या उजव्या गालावर एक ठेवून दिली. जन्मात मारलेली ती एकच. त्यामागचं कारण मला फार उशिरा कळलं. मिलमध्ये काका आणि त्यांचा जोडीदार पॅनेलवर काम करत असताना कुणीतरी पाटी न बघता स्विच ओढला होता. काका वाचले. हे ते एकदाच बोलले आणि मग उगाच टेस्टर पुसत बसले.

माझ्या दुसऱ्या वर्षात काकू बाथरूममध्ये पडल्या.

साबणावरून पाय गेला. कडी आतून लावलेली, नळ चालू, कानात मशीन नाही. काका दार ठोठावत होते ते त्यांना ऐकू येत नव्हतं आणि कळेने त्यांचा आवाज इतका खोल गेला होता की हाक पाण्याच्या आवाजात विरत होती. शेवटी काकांनी बिजागऱ्या खोलून दार उतरवलं. मनगट मोडलं होतं, बाकी नशीब. पण त्यांचा मुलगा, जो कांजूरमार्गला एका टॉवरमध्ये राहायचा, त्याने त्याच संध्याकाळी फर्मान काढलं. यापुढे कडी लावायची नाही. दार उघडं ठेवायचं, बाबांनी बाहेर उभं राहायचं. जमत नसेल तर आईला मी माझ्याकडे नेतो. तो चुकीचं बोलत नव्हता, हीच पंचाईत होती.

मग आठ महिने काकूंची आंघोळ उघड्या दाराआड झाली. काका बाहेर दाराकडे पाठ करून उभे, स्टूल शेजारी असूनही कधी बसले नाहीत. आत काकू चार तांबे अंगावर घेऊन, अंग नीट पुसण्याआधीच साडी गुंडाळून बाहेर. एकदा मला म्हणाल्या, "परत मोरीच इली माझ्या नशिबात." आणि गाणं बंद. दार उघडं म्हणजे आवाज बाहेर जाणार, लोक ऐकणार, काय म्हणतील. त्यांचं अगदी बरोबर होतं. फक्त आम्ही इतकी वर्षं ते ऐकत होतो.

सकाळी साडेसहाला घर गप्प झालं. वॉचमनने मला गेटवर अडवून विचारलं, "आजी ठीक हैं ना?" काका चहा करायचे, पण साखर विसरायचे. एकदा ओट्याशी उभे असताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाणं चालू म्हणजे माणूस ठीक, असा माझा हिशेब होता, बाय. त्या दिवशी गाणं थांबलं तेव्हा मला वाटलं, साबण लावत असेल. दहा मिनिटं मी साबण धरून चाललो." मी साखरेचा डबा पुढे केला.

आणि अशात आमच्या इमारतीखाली एक सलून उघडलं. आरशाभोवती रंग बदलणारी एलईडीची पट्टी. निळी, गुलाबी, हिरवी, पिवळी, आपोआप फिरणारी. काका भाजी आणायला गेले ते वीस मिनिटं काचेबाहेर उभे. मालकाने दोनदा विचारलं, काका, कटिंग? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा काका म्हणाले, "नको. ही कितीवर चालते? बारा व्होल्ट?" त्याला काय माहीत. काका धावत वर आले, भाजी न घेता. काकूंसमोर बसून, ओठ नीट हलवत म्हणाले, "गो, तुका कडी होयी मां? देतंय."

कल्पना साधी होती. ऐकू न येणाऱ्या माणसाला हाक मारायची तर रंगाने मारायची. बाथरूमच्या छताला पट्टी लावायची, बाहेरून रिमोटने रंग बदलायचा. निळा केला की अर्थ, मी विचारतोय, ठीक आहेस का? आतून उत्तर द्यायला एक दोरी. ती थेट जमिनीपर्यंत लोंबती, म्हणजे माणूस खाली पडला तरी हाताला लागेल. दोरी ओढली की दाराबाहेर नारिंगी दिवा लागणार. निळा केल्यावर दिवा लागला नाही, तरच दार उघडायचं. त्यासाठी कडीसुद्धा त्यांनी अशी बसवली की गरज पडलीच तर बाहेरून स्क्रूड्रायव्हरने फिरवता यावी. दोरी म्हणजे परकराची नाडी होती, शेवटी लाकडी मणी ओवलेला. नारिंगी दिवा मिलच्या पॅनेलवरचा, बंद पडताना निरोपाची भेट म्हणून त्यांनी तेवढाच मागून आणला होता.

साधी कल्पना काकांच्या हातात साधी राहणं शक्यच नव्हतं. वहीत बाथरूमचा नकाशा निघाला. पाणी आणि वीज यांच्यात किती अंतर हवं, याचा अभ्यास सुरू झाला. एके सकाळी आंघोळीला निघाले तर माझ्या हातात खडू.

"हे काय?"

"नेहमीसारखी आंघोळ कर. सगळ्यात उंच थेंब भिंतीवर जिथे उडेल तिथे खूण कर."

"काका, मी आंघोळ करू की मोजमाप?"

"केस धुणार असशील तर दोन खुणा कर."

पंधरा दिवस मी खुणा केल्या. माझ्या सर्वांत उंच थेंबाच्या दोन हात वर पट्टी लागली, वरून रबरासारखं पारदर्शक आवरण असलेली, पाणी न शिरणारी. भिंतीतली वीज बारा व्होल्टवर उतरवणारा डबा बाहेर माळ्यावर, बाथरूममध्ये त्याचा वाससुद्धा नाही. करंट कुठे गळला तर क्षणात सगळं बंद करणारा स्विच नवा बसवला. हे सगळं लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, तीन फेऱ्या मारून, दुकानदारांना हैराण करून आणलेलं. प्रत्येक कामाचा परवाना, त्यावर काकूंची सही, मेनवर पाटी.

काकूंचा मात्र विश्वास बसत नव्हता. पट्टीत तीनच रंगाचे दिवे आहेत, लाल, हिरवा, निळा, आणि बाकी सगळे रंग त्यांच्या मिसळण्यातून होतात, असं काकांनी सांगितल्यावर त्या हसायलाच लागल्या. जन्मभर दारात रांगोळी घातलेली बाई. म्हणाल्या, "हिरव्यात तांबडो घातलो तर पिवळो खंय होता? चिखल होता."

"उजेडाची गोष्ट वेगळी गो."

"रंग तो रंग."

काकांनी गणपतीच्या आरासेतले लाल आणि हिरवे जिलेटिनचे कागद काढले, दोन टॉर्चवर रबराने बसवले, एक माझ्या हातात दिला, एक स्वतः धरला. स्वयंपाकघराच्या पांढऱ्या टाइलवर दोन्ही उजेड एकमेकांवर पाडले. मध्ये पिवळा उमटला. काकू पुढे झाल्या, टाइलवर बोट घासून बघितलं, बोटाकडे बघितलं. मग माझ्या हातातला टॉर्च हाताने झाकला. पिवळा गेला, हिरवा उरला. काढला, पिवळा आला. अर्धा तास आम्हाला दोघांना उभं करून त्या झाकत होत्या आणि काढत होत्या. डाळ खाली लागली, पण काकू पोरीसारख्या खूश होत्या.

मग तक्ता झाला. काकांच्या वळणदार अक्षरात, प्लास्टिकमध्ये घालून दाराला आतून चिकटवलेला. पांढरा, नेहमीचा उजेड. निळा, मी विचारतोय. पिवळा, सगळं ठीक, सावकाश चालू दे. लाल, पाणी जायची वेळ झाली, बाहेर ये. गुलाबी, चहा झाला. हिरवा, पाहुणे आलेत, साडी नेसूनच बाहेर ये. हा तक्ता मलाही लागू होता. तात्पुरती जोडणी झाली होती त्या आठवड्यात मी केसांना शाम्पू लावून उभी, आणि अचानक सगळं निळं. माझे हात निळे, बादली निळी. मी नाडी ओढली. बाहेरून समाधानाचा खोकला ऐकू आला. दोन मिनिटांनी परत निळं. त्या आंघोळीत मी अकरा वेळा ठीक होते. त्या दिवशी कामावर, लॅबमध्ये, मी उशिरा पोहोचले आणि कारण कुणालाही सांगितलं नाही.

तात्पुरत्या जोडणीत सगळे रंग व्यवस्थित येत होते. पण पट्टीबरोबर आलेल्या केसासारख्या तारा काकांना पसंत नव्हत्या. शनिवारी त्यांनी त्या कापून स्वतःच्या जाड वायरने पक्कं काम केलं. पट्टीला चार तारा. सोबतच्या इंग्रजी चिठ्ठीत लिहिलं होतं की काळी तार ही प्लस, आणि बाकीच्या तीन आपापल्या रंगाच्या. मी ती वाचून दाखवली तर काका तासभर घुश्शात. "काळी प्लस? हे कुणी ठरवलं? आमच्या काळात काळी म्हणजे न्यूट्रल, तांबडी म्हणजे करंट, हिरवी म्हणजे अर्थिंग, जमिनीत जाणारी. काळीला प्लस म्हणणारा माणूस वायरमन नाही." तरी त्यांनी काळी बरोबर जोडली, चार वेळा तपासली. चालू करून बघा म्हटलं तर म्हणाले, "पक्क्या कामाचा पहिला स्विच साहेबासमोर दाबायचा. मिलची रीत आहे." साहेब म्हणजे मुलगा. तो रविवारी पाहणीला येणार होता. पास झालं तर कडी राहणार, नाही तर तो स्वतःच्या हाताने उखडून नेणार, असं ठरलं होतं.

रविवारी काकूंनी नवी साडी नेसली होती. तशाच, साडीसकट, आत गेल्या आणि आठ महिन्यांनी कडी सरकवली. तो आवाज ऐकून काकांनी डोळे मिटले. मग निळं बटण दाबलं. लगेच नारिंगी दिवा लागला. मुलगा म्हणाला, "बरं आहे की."

"आता पिवळा," काका म्हणाले. "म्हणजे सावकाश चालू दे."

बटण दाबलं आणि काकू तडक बाहेर आल्या. "पाणी जातला?"

"नाही गो, पिवळा दिलाय."

"लाल इलो."

त्या परत आत गेल्या. काकांनी पांढरा दिला. काकू बाहेर आल्या आणि चहा कुठाय म्हणून विचारलं. मुलगा हाताची घडी घालून उभा. काकांच्या कपाळावर घाम. काकू पुन्हा आत, पुन्हा कडी. काकांनी हिरवा दाबला आणि दाराखालच्या फटीतला उजेडच गेला. आत मिट्ट काळोख, आई ऐकू न येणारी, आणि दाराला कडी. मुलगा दार बडवायला लागला. बडवून काय होणार होतं. काका तेच हिरवं बटण पुन्हा पुन्हा दाबत होते, मी नारिंगी दिव्याकडे बघत होते.

दिवा लागला. मग कडी सरकली, आणि काकू दारात येऊन, अगदी खात्याच्या मुकादमासारख्या ठामपणे म्हणाल्या, "पिवळो मागितलो तर तांबडो देता. पांढरो मागितलो तर गुलाबी. हिरवो मेलो तुमचो."

त्या काळोखात उभ्या राहून टाइलवरच्या टॉर्चचा विचार करत होत्या. काका माळ्यावर चढले आणि डबा उघडला. काळ्या तारेवर सगळं लक्ष लावून बसलेल्या माणसाच्या हाताने, चाळीस वर्षांच्या सवयीने, हिरवी तार गुपचूप अर्थिंगला नेऊन बांधली होती. वर सुबक नळी चढवून, गाठ मारून. इतकी देखणी चूक मी दुसरी पाहिलेली नाही.

मुलगा म्हणाला, "बाबा, आई, हे पुरे. पुढच्या रविवारी मी येतो आणि कडी काढतो. नाही तर आईला घेऊन जातो." त्याचा आवाज कापत होता.

काकांनी अर्ध्या तासात तार बदलली. पण त्यांच्या मनातली चूक तेवढ्याने निघेना. संध्याकाळी त्यांनी स्वतःला मेमो दिला. 'हिरव्या वायरबाबत खुलासा करावा.' खाली स्वतःच खुलासा लिहिला, 'हाताने केले, डोक्याने पाहिले नाही,' आणि कागद काकूंपुढे ठेवला. काकूंनी चष्मा लावून वाचला आणि खाली शेरा मारला, 'या वेळी सोडून देण्यात येते.' तो कागद फ्रिजवर, कानाच्या मशीनच्या वाटीखाली, आठवडाभर होता.

पुढच्या रविवारी मुलगा स्क्रूड्रायव्हर घेऊनच आला. दार मी उघडलं. काका हॉलमध्ये उभे, हातात रिमोट, चेहरा पडलेला. बाथरूमचं दार बंद होतं आणि दाराच्या मुठीला पाटी अडकवलेली होती. 'माणूस काम करतो आहे. हात लावू नये.' खाली काकूंचं नाव, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात. मिलच्या पगाराच्या रजिस्टरवर करत असतील तशी तिरकी, जपून लिहिलेली सही.

"हे तुम्ही लावलंत?" मुलाने विचारलं.

"मला विचारलं पण नाही," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार होती की अभिमान, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मुलगा दारापर्यंत गेला. पाटीकडे हात नेला. मग थांबला, आणि तोच हात आपसूक स्वतःच्या उजव्या गालावर गेला. चाळिशीचा, दाढी पांढरी व्हायला लागलेला माणूस. त्याने स्क्रूड्रायव्हर मागच्या खिशात घातला आणि वडिलांकडे बघून म्हणाला, "विचारा तिला."

काकांनी निळा दाबला. दाराखालची फट निळी झाली. एक, दोन, तीन. नारिंगी दिवा लागला. काकांनी पिवळा दिला, आणि फटीतून खरोखरचा पिवळा उजेड लादीवर सांडला. सगळं ठीक, सावकाश चालू दे. मग आम्ही तिघं काही न करता उभे राहिलो. पाण्याचा आवाज येत होता. तांब्याचा आवाज येत होता. आणि मग, आठ महिन्यांनी, तोच खणखणीत, बेसूर आवाज. भजनाची पहिली ओळ आणि लगेच हळदीचं गाणं.

मुलगा मटकन सोफ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आधी वाटलं रडतोय. तो हसत होता, मग रडला, मग दोन्ही. वरच्या मजल्यावर कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. खाली वॉचमनने नळ बंद केला. मला इतका आनंद झाला की मी उगाचच कॅलेंडर सरळ केलं. काका इतक्या महिन्यांनी दारापासून हलले आणि स्टूल ओढून खाली बसले. मग लक्षात आल्यासारखे उठून चहाला गेले, आणि त्या चहात साखर होती.

काकू तब्बल पाऊण तासाने बाहेर आल्या. केस ओले, चेहरा लालबुंद. पाटी स्वतःच्या हाताने काढली, खिळ्यावर टांगली, फ्रिजवरून मशीन घेऊन कानात बसवलं. मुलाला बघून जरा दचकल्या आणि दाराकडे हात करत काकांना हळूच विचारलं, "भायर काय आयकाक इला नाय मां?"

"छे," काका म्हणाले. "काय नाय."

काकूंनी मुलाकडे पाहिलं. त्याने मान हलवली. माझ्याकडे पाहिलं. मीही हलवली.